मायनं धुतलेली गाडी

माय चंद्रपूरला आमच्याकडे आली ती राहायला म्हणून आली नव्हती. चामोर्शीकडच्या आमच्या गावात, बोडीवर पाणी आणायला गेली असताना त्या लहान तळ्याच्या उतारावर तिचा पाय घसरला आणि सकाळपासून दुपारपर्यंत ती तिथेच उन्हात पडून होती. बाबा गेल्यापासून घरात एकटीच, त्यामुळे ती आली नाही हे कळणार कोणाला? शेवटी शेळ्या हाकणाऱ्या एका बाईला दिसली. हाड मोडलं नव्हतं, पण कमरेला मुका मार होता आणि तोंड सुकून गेलं होतं. मी जाऊन तिला घेऊन आले. डॉक्टर झाले, औषधं झाली, ती चालायला लागली, आणि चालायला लागल्या दिवसापासून तिचं एकच सुरू झालं, मले गावाले नेऊन सोड.

मला तिला परत पाठवायचं नव्हतं. रात्री डोळा लागता लागता मला तो उतार दिसायचा. पण माझ्या आईला ‘राहा’ म्हणून राहायची सवय नाही. मामाच्या घरी एकदा मामी म्हणाली की मायनं केलेल्या भाजीत मीठ जास्त झालं, तर माय जेवण संपवून, ताट धुऊन, तशीच पायी बसस्टँडवर गेली. त्या घरात ती पुन्हा जेवली नाही. तिला भांडता येत नाही, फक्त निघून जाता येतं. आणि मला नेमकं उलट, नाकावर राग आणि पोटात काही राहत नाही. अशा दोघी एका छताखाली म्हणजे विस्तवाशेजारी धानाचं तणस.

शिवाय आमच्या घरात तिला कामच नव्हतं. मी मूल गावच्या कॉलेजात शिकवते, रोज चंद्रपूरहून जाते-येते. नवरा कोळसा खाणीत सुपरवायझर, पाळीप्रमाणे घरी. स्वयंपाक गॅसवर, पाणी नळाला, कपडे मशीनमध्ये. माय दिवसभर ओट्यावर बसून रस्ता पाहायची. बसून खाल्लेलं अंगाले लागत नाई, असं ती म्हणायची, आणि खरंच ती उतरत चालली होती.

आमची गाडी बॅटरीची आहे. चंद्रपुरात कुठलीही गाडी पांढरी राहत नाही. खाणीची काळी भुकटी आणि वीज केंद्राची राख रात्रभर खाली उतरत असते, सकाळी काचेवर बोटानं नाव लिहावं. गाडी घेतली तेव्हा नवऱ्यानं धुण्याचे नियम मला इतक्या वेळा ऐकवले की ते मला झोपेतही म्हणता यावेत. कोरड्या फडक्यानं पुसायची नाही, कोळशाची भुकटी म्हणजे बारीक कानसच, रंग ओरबाडते. आधी वरून पाणी ओतायचं, भुकटी वाहून जाऊ द्यायची, मगच साबणाचं मऊ कापड. धुण्याची पावडर नाही. चार्जिंगला लावलेली असताना धुवायची नाही. चार्जिंगच्या तोंडाचं झाकण घट्ट बसलंय का ते आधी पाहायचं. प्रेशरचा पाइप त्या झाकणावर आणि गाडीच्या पोटाखाली, जिथं बॅटरी आहे तिथं, मारायचा नाही. बोनेट उघडून आत पाणी घालायचं नाही, आणि आतल्या नारिंगी वायरींना तर बोटही लावायचं नाही. हे सगळं ऐकून मी म्हटलं होतं, मग तूच धूत जा. तो धुवायचा, पण पाळी संपवून आलेल्या माणसानं धुतलेली गाडी कशी असते ते वेगळं सांगायला नको.

माय आधी त्या गाडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. आमच्या भागात रानडुकरं धान नासवतात म्हणून काही लोक शेताच्या तारेत चोरून करंट सोडतात. आमच्या शेजाऱ्याचा बैल तसा गेला, आणि त्याला ओढायला धावलेल्या शेजाऱ्याला मायनंच काठीनं मागे लोटलं होतं. त्यामुळे विजेवर चालणारी गाडी म्हटल्यावर तिनं ती तारेच्याच जातीत टाकली. अंगणातून जाताना पदर सावरून लांबून जायची. एकदा मांजर टपावर बसलं तर तिला वाटलं आता हे मेलं. मांजर तास-दोन तास झोपलं, आळस देऊन उतरलं आणि निघून गेलं. त्यानंतर मायनं रबरी चप्पल घातली आणि हाताची पाठ दरवाजाला लावून पाहिली. मी खिडकीतून बघत होते. तिला कळलं नाही की मी बघतेय, आणि मीही कळू दिलं नाही.

पुढच्या रविवारी ती नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, कोपरे तसेच राह्यले, जवाईबापू. नवरा थकलेला होता. त्यानं कापड तिच्या हातात दिलं.

तिनं पहिल्याच दिवशी तणस आणि चुलीची राख मागितली, भांडी घासतात तशी. ती दोन्ही आमच्याकडे नव्हती म्हणून गाडीचा रंग वाचला. नवऱ्यानं तिला सगळे नियम समजावले आणि मला वाटलं होतं ती वैतागेल, पण तिनं एकेक नियम आपल्या हिशोबानं लावून घेतला. चार्जिंग चालू असताना पाणी नाही, तर म्हणाली बरोबर आहे, जनावर चारा खात असताना त्याच्या अंगावर कोणी पाणी ओतते का. पोटाखाली जोराचं पाणी नाही, तर म्हणाली गाभण गाईलेबी नाई मारत. त्यानंतर धुवायच्या आधी ती मला विचारायची, पोट भरलं का हिचं? मी वायर काढून झाकण लावलं की मगच बादली उचलायची.

आणि काय धुवायची. वरून पाणी, मग कापड, मग दुसऱ्या बादलीत कापड पिळणं, मग पुन्हा पाणी. गाडी सावलीत लावायला लावायची, कारण उन्हात साबण सुकून डाग पडतात हे तिनं एका धुण्यात ओळखलं. डॅशबोर्डवरच्या टीव्हीसारख्या पडद्याची काच ती ओल्या कापडानं पुसायची नाही, जरासं दमट करून अलगद फिरवायची, वाफ लागलेला आरसा पुसावा तशी. नवऱ्याचा एक मित्र तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. तो गाडीत बसून गेला की सीटच्या शिवणीत सुपारीचा चुरा आणि दरवाजाला बाहेरून तांबडी धार. माय कडुनिंबाची काडी सोलून तिच्या टोकाला चिंधी गुंडाळायची आणि शिवणीतला कणन् कण काढायची. धार धुताना त्या मित्राच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पुढे तो मित्र आमच्या गाडीत बसताना आधी तोंड धुऊन यायला लागला.

पावसाळा लागला तसं तिचं गावाकडे जाण्याचं बोलणं कमी झालं. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत एकदा निघालं, पण शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलेलं आणि बटईदार भला माणूस, त्यामुळे तेही विरलं. रविवारी धुणं, बुधवारी नुसतं पाण्यानं भुकटी उतरवणं, रोज सकाळी काचा. शेजारणी विचारायच्या, तुमची गाडी इतकी चमकते कशी, आणि माय उत्तर न देता पाइप गुंडाळायची. ती अंगानं भरून आली होती, दोन पोळ्या जास्त खात होती. मला वाटलं जमलं. मी कॉलेजात एकीला सांगूनही टाकलं की माझी आई आता माझ्याकडेच असते.

आता ब्रेकचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. या गाडीचं असं आहे की पाय उचलला की ती आपली आपण मंदावते, आणि मंदावता मंदावता थोडी वीज परत बॅटरीत भरते. म्हणून ब्रेकवर पाय कमीच पडतो. चाकाच्या मागे ब्रेकची लोखंडी चकती असते, ती घासली जात नाही, आणि पावसाळ्यात तिच्यावर तांबूस गंज चढतो. काही बिघडत नाही, दोनचारदा ब्रेक दाबला की निघून जातो. आमच्या चाकांच्या आऱ्या मोकळ्या आहेत, त्यामुळे चकती बाहेरून स्वच्छ दिसते. नवऱ्यानं मायला सगळे नियम सांगितले होते, पण चकतीचा नियम सांगितला नाही, कारण तो सांगावा लागेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

आमच्या गावात रोवणी झाली की नांगराचा फाळ धुऊन, वाळवून, त्याला मोहाच्या बियांचं तेल चोपडतात. टोरीचं तेल म्हणतात त्याला. विळे, कुऱ्हाडी, सगळ्या लोखंडाला ते लागतं. लोखंड तांबडं दिसणं हा आमच्याकडे घरच्या बाईचा आळस समजतात. भादव्यातल्या एका रविवारी गाडी धुता धुता मायला त्या चकत्या दिसल्या, लालभडक. गावाहून आणलेली टोरीच्या तेलाची बाटली तिच्याकडे होतीच, कमरेला चोळायला. तिनं सीटच्या शिवणीची काडी घेतली, चिंधी तेलात बुडवली, आणि आऱ्यांमधून हात घालून दोन्ही पुढच्या चकत्यांना, चाक थोडं थोडं सरकवायला लावून, नीट, सगळीकडून, तेल लावलं. चाक सरकवायला लावलं कोणाला? मलाच. चाकाला चिखल राह्यला म्हणाली, गाडी वीत-वीतभर पुढे घे म्हणाली, मी घेत गेले आणि मग घरात जाऊन पेपर तपासत बसले.

सोमवारी मी निघाले. शहरातून बाहेर पडेपर्यंत काही कळलं नाही, कारण मी पाय उचलत होते आणि गाडी मंदावत होती. मूलच्या रस्त्यावर जंगल लागलं की दोन्ही बाजूंनी साग, आणि रस्ता सरळ. पुढे एस. टी. होती. रस्त्यावर चितळांचा कळप आला म्हणून ती एकदम थांबली. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी मात्र चालतच राहिली. सगळा जोर लावला तेव्हा ती कुरकुरत, घसटत थांबत आली, आणि एस. टी.ला चुकवायला मी ती कच्च्यात घातली. एक चाक खड्ड्यात उतरून थांबलं. मला काही झालं नाही. गाडीलाही फारसं नाही. मी स्टेअरिंगला धरून बसले होते आणि मला वास आला. कढईत टोरीचं तेल तापायला ठेवलं की घरभर जो वास येतो, तो.

तो वास आल्याबरोबर मला सगळं कळलं. मी खाली उतरून चकतीजवळ वाकले, बोट लावायची हिंमत झाली नाही, गरम होती, पण तेलाचा तवंग दिसत होता. मला प्रचंड राग आला आणि त्याच क्षणी प्रश्न पडला, की आता हिला सांगू कसं.

नवऱ्याला फोन केला. गाडीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी येऊन गाडी ओढून नेली. चकत्या धुतल्या, पण चकतीला धरणाऱ्या पॅडमध्ये तेल मुरलं होतं म्हणून पॅड बदलले. नवरा म्हणाला, आईंना काही बोलू नको, दगड लागला सांग, आणि यापुढे गाडी बाहेर धुवायला देऊ. मी विचार करून पाहिला. सांगितलं तर ती जाणार, मामाकडून निघाली तशी. न सांगता धुणं काढून घेतलं तरी जाणार, कारण मग तिला इथं आहेच काय? आणि धुणं तसंच राहू दिलं आणि काही सांगितलं नाही, तर पुढच्या पावसात पुन्हा तेल, आणि तेव्हा सांगावंच लागणार. तिन्ही वाटा बसस्टँडवरच जात होत्या. मग खरं सांगून जाऊ दे असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, संध्याकाळी चहा देताना ते माझ्या तोंडातून निघालं.

मी ओरडले नाही. ब्रेक कसा असतो, चकतीला दोन बाजूंनी चिमटा कसा धरतो, तेल लागलं की चिमटा कसा सटकतो, हे वर्गात शिकवते तसं सांगितलं. एस. टी.चंही सांगितलं. मायनं कप खाली ठेवला.

“तू एकटीच होती गाडीत?”

“हो.”

रात्री ती जेवली नाही. सकाळी तिची थैली भरून दाराशी ठेवलेली होती, वर घडी केलेलं सोलापुरी चादरीचं पांघरूण. मी म्हटलं गाडी सेंटरवर आहे, शनिवारी येईल, रविवारी मीच सोडते. ती म्हणाली बसनं जातो. मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला कोणी रागावलंय का, कोणी एक शब्द तरी बोललंय का, चूक कोणाच्या हातून होत नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “माह्या हातानं माही लेक मरत होती. मीठ जास्त झालं असं नाई हे.”

मी एवढंच म्हटलं, “माय, तू तिकडे गेली तं मले झोप नाई लागत.” ती रविवारपर्यंत थांबायला तयार झाली, पण ते माझ्यासाठी की गाडी बघायला, मला आजही ठाऊक नाही. तो आठवडा तिचं ओट्यावर बसणं पुन्हा सुरू झालं.

शनिवारी गाडी आली, सेंटरच्या आवारातली धूळ अंगभर घेऊन. रविवारी सकाळी मला बादलीच्या कडीचा आवाज आला. बाहेर पाहिलं तर माय धूत होती. झाकण तिनं स्वतः दाबून पाहिलेलं, गाडी सावलीत. टपापासून सुरुवात, मग काचा, मग दरवाजे. चाकांशी आल्यावर तिनं कापड बाजूला ठेवलं आणि लोट्यानं पाणी ओतलं, फक्त पाणी. चकतीवर पुन्हा तांबूस चढलं होतं, तिच्या नजरेला ते किती खुपत असेल ते मला माहीत आहे. तिनं ते तसंच राहू दिलं. गाडी पुसून झाली, बादल्या पालथ्या घातल्या, हातपाय धुतले, लुगडं बदलून आली आणि पुढचं दार उघडून माझ्या शेजारच्या सीटवर बसली.

मला वाटलं निघाली. मी थैली आणायला वळले तर म्हणाली, थैली राहू दे, पयले मोठ्या रोडवर घे. मी चावी आणली. पट्टा तिला लावून दिला. मूलच्या रस्त्याला लागेपर्यंत ती समोर बघत होती, दोन्ही हात मांडीवर. मोकळा रस्ता आला.

“मार ब्रेक.”

मी हळूच दाबला. गाडी थांबली.

“असा नाई. त्या दिवशी मारला तसा.”

मी आरशात पाहिलं, मागे कोणी नव्हतं. गाडीचा वेग वाढवला आणि सगळ्या ताकदीनं पाय दाबला. माय पट्ट्यावर पुढे आदळली, तिचा हात डॅशबोर्डवर आपटला. गाडी जागच्या जागी थांबली. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, अजून एक डाव. मी आणखी एकदा केलं. मग ती पट्टा धरून बसली.

“गावाले गेलो असतो तं रोज तिथी बसून हेच पाह्यलं असतं,” ती म्हणाली. “तुही गाडी थांबली का नाई. कोणाले विचारलं असतं मी?” थोडं थांबून म्हणाली, “इथीच राहतो आता. मी धुईन, आन धुतल्यावर पयले मी बसीन. मंग तू कुठी जायाचं तं जा.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथंच रडत बसले असते, आणि आरशात कोळशाचा ट्रक येताना दिसत होता. मी गाडी पुढे घेतली.